दंड भरायचा राहिला तर कैद: ठाणे–नवी मुंबईच्या कोर्टात काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

‘…आणि दंड न भरल्यास एक महिना साधी कैद.’ निकालपत्रातली ही शेवटची ओळ बहुतेक घरांत चुकीची वाचली जाते. काहींना तो दोन पर्यायांमधला सौदा वाटतो: पैसे वाचवू, महिनाभर बसून येऊ. काहींना ती नुसती धमकी वाटते: अपील करणारच आहोत, दंडाचं नंतर बघू. दोन्ही समजुती महागात पडतात. पहिलीत कैद भोगूनही वसुली मागे लागू शकते, आणि दुसरीत माणूस त्याच संध्याकाळी पोलीस बंदोबस्तात कारागृहाच्या गाडीत बसतो.

हा लेख ठाण्याचं कोर्टनाक्यावरचं न्यायालय, बेलापूर, पनवेल, कल्याण अशा ठिकाणी तारखा करणाऱ्यांसाठी आहे. कायदा देशभर एकच आहे, पण धावपळ इथली आहे. वकील असेल तर हे वाचून त्याला नेमके प्रश्न विचारा. नसेल तर टप्पा १ मधला विधी सेवेचा भाग आधी वाचा.

आधी चाळणी: तुमचं प्रकरण यात बसतं का?

मोबाइलवर आलेलं ई-चलान म्हणजे कोर्टाने ठोठावलेला दंड नव्हे. ते न भरल्यामुळे कोणी थेट तुरुंगात जात नाही. प्रकरण न्यायालयासमोर जाऊन दोष ठरला आणि न्यायाधीशांनी दंड लावला, तर आणि तेव्हाच या लेखातले नियम लागू होतात.

पोटगी थकली म्हणून होणारी कैद वेगळी. ती दंडाच्या बदल्यातली नाही, आणि ती भोगली तरी पोटगीची थकबाकी संपत नाही.

विनातिकीट प्रवासाचंही थोडं निराळं आहे. तिकीट तपासनिसाने मागितलेलं भाडं आणि जादा आकार भरायला नकार दिला, तर रेल्वे ती रक्कम दंडासारखी वसूल करायला दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. तीही न भरल्यास किमान १० दिवस ते एक महिना कैदेचा आदेश देण्याची तरतूद रेल्वे कायद्यातच आहे. दिवा-मुंब्रा पट्ट्यातली कॉलेजची पोरं ‘काय होतंय’ म्हणून पाय रोवून उभी राहतात. त्यांच्या आईवडिलांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दारू पिऊन गाडी चालवणं, मारामारी, छोटी चोरी, चेक न वटणं किंवा अशाच कुठल्याही फौजदारी खटल्यात दंड झाला असेल, तर पुढे वाचा.

टप्पा १: निकालाच्या तारखेआधीची तयारी

सर्वांत मोठी चूक इथेच होते. निकालाच्या किंवा गुन्हा कबूल करण्याच्या तारखेला लोक रिकाम्या खिशाने जातात. दंड सुनावला की तो तिथल्या तिथे भरायचा असतो. ‘उद्या आणून देतो’ हे तोंडी चालत नाही.

वकिलाला आदल्या दिवशी दोन गोष्टी विचारा. या कलमात जास्तीत जास्त दंड किती, आणि हे न्यायालय साधारण किती लावतं? कायद्यातली मर्यादा पक्की सांगता येते, सवय अंदाजाने. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत सापडलेल्याने २,००० रुपये घेऊन कोर्टात जाणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा.

सोबत न्यायचं:

- दंडाच्या अंदाजाएवढी रोख, आणि ती तुमच्याबरोबर आलेल्या माणसाकडे. आरोपीच्या खिशात नको, कारण त्याला ताब्यात घेतलं तर त्याचा खिसाही त्याच्याबरोबर जातो.
- केस नंबर (आर.सी.सी., एस.सी.सी. वगैरे अक्षरांसकट) आणि १६ अक्षरी सी.एन.आर. क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक.
- आधार कार्ड, रेशनकार्ड. उत्पन्न कमी असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो ऐनवेळी मिळत नाही, आधी काढून ठेवा.
- जामीनदार होऊ शकेल असा एक माणूस, त्याच्या कागदपत्रांसह. हप्ते मिळाले तर तो लागू शकतो.

शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश ‘काही सांगायचंय का?’ असं विचारतात. त्या क्षणी मान खाली घालून ‘माफ करा साहेब’ एवढंच म्हणू नका. घरात कमावणारे किती, महिन्याचं उत्पन्न किती, आजारी कोण, पहिलाच गुन्हा आहे का, हे दोन वाक्यांत सांगा. दंड झेपेल असा असावा, अवाजवी नसावा, हे कायद्यालाही मान्य आहे. पहिल्या, किरकोळ गुन्ह्यात परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचा लाभ, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, मागायचा असेल, तर तोही याच वेळी मागायचा. निकालपत्रावर सही झाल्यावर नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ठाण्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

> सावधान: कोर्टाबाहेर ‘साहेबांशी बोलतो, दंड निम्मा करून देतो’ म्हणणारा भेटेल. त्याला चहासुद्धा पाजू नका. दंड फक्त न्यायालयात जमा होतो आणि त्याची पावती मिळते.

टप्पा २: आदेशाचा शेवटचा परिच्छेद नीट वाचा

निकालपत्र वीस पानांचं असलं तरी तुमच्या कामाचं शेवटचं पान. कैदेची शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. ती मागून घ्या. मग कोऱ्या कागदावर प्रत्येक कलमासाठी एक ओळ लिहा: कलम, मूळ कैद, दंड, दंड न भरल्यास किती कैद (हिलाच पुढे ‘डिफॉल्टची कैद’ म्हटलं आहे), ती साधी की सक्तमजुरी.

हा तक्ता करताना चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघायच्या.

पहिली: शिक्षा ‘फक्त दंड’ आहे, की कैद आणि दंड दोन्ही? ‘कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड’ असं असेल तर तो ‘फक्त दंड’ नव्हे. टप्पा ४ मधल्या हप्त्यांचा आधार यावरच ठरतो.

दुसरी: दंड एकच आहे की प्रत्येक कलमाला वेगळा? ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या’ हे वाक्य वाचून घरचे निश्चिंत होतात. ते वाक्य मूळ कैदेपुरतं असतं. डिफॉल्टची कैद मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होते, आणि तीन कलमांचे तीन दंड राहिले असतील तर तिन्ही कैदा एकामागून एक लागतात. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्या प्रकरणात वेगवेगळ्या कलमांची डिफॉल्टची कैद मिळून दहा वर्षांवर गेली होती. न्यायालयाने ती एकत्र भोगू दिली नाही, पण तिची मुदत कमी केली.

तिसरी: दंडातून फिर्यादीला भरपाई द्यायची आहे का? चेकच्या प्रकरणांत हे हमखास असतं. याचा परिणाम टप्पा ८ मध्ये दिसेल.

चौथी: गुन्हा कधी घडला? १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता, त्याआधीच्यांना जुना दंडविधान. निकालाची तारीख नाही, गुन्ह्याची तारीख बघायची.

> तपासा: आरोपी आधी कच्च्या कैदेत, म्हणजे खटला चालू असताना कोठडीत, होता का? ते दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, पण डिफॉल्टच्या कैदेतून वजा होत नाहीत. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. समजा, मुलगा आठ महिने आत होता, शिक्षा लागली सहा महिने आणि ५,००० दंड, न भरल्यास एक महिना. घरचे म्हणतात, ‘शिक्षा तर भोगून झाली, आज सुटणार.’ सुटत नाही. ५,००० भरेपर्यंत किंवा महिना संपेपर्यंत तो आतच राहतो. ‘चुकून ठेवलंय’ म्हणून कारागृहाच्या दारात भांडणारे बहुतेकजण याच हिशोबात अडकलेले असतात.

टप्पा ३: डिफॉल्टची कैद मर्यादेत आहे का?

न्यायालयाला ही कैद हवी तेवढी देता येत नाही. गणित सोपं आहे.

गुन्ह्याला कैद आणि दंड अशा दोन्ही शिक्षा सांगितल्या असतील, तर डिफॉल्टची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. कलम १८५ च्या पहिल्या गुन्ह्यात कमाल ६ महिने, म्हणजे डिफॉल्टला दीड महिना. चेकच्या खटल्यात कमाल २ वर्षं, म्हणजे ६ महिने. चतुर्थांश हा कायद्यातल्या कमाल कैदेचा, तुम्हाला प्रत्यक्ष सुनावलेल्या कैदेचा नाही. इथे लोक उलटा हिशोब करतात आणि उगाच आशेवर राहतात.

गुन्ह्याला फक्त दंडच असेल, तर ही कैद साधीच हवी. न्याय संहितेनुसार ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला जास्तीत जास्त दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष. जुन्या दंडविधानात हे आकडे ५० रुपयांना दोन महिने, १०० रुपयांना चार महिने आणि इतर सर्व बाबतींत सहा महिने असे होते. जुन्या गुन्ह्याला नवा तक्ता लावलेला दिसला तर वकिलाला लगेच दाखवा. एखाद्या विशेष कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर त्या कायद्यातल्या दंडालाही हेच नियम लागतात.

मर्यादा ओलांडलेली दिसली किंवा शिक्षाच मान्य नसेल, तर अपील. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस आहेत. पण अपील दाखल झालं म्हणून दंड आपोआप थांबत नाही. शिक्षेला स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यात दंडाचाही स्पष्ट उल्लेख लागतो. चेकच्या खटल्यात अपील न्यायालय दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं, ती तजवीज ठेवा. आरोपी जामिनावर असेल, शिक्षा तीन वर्षांच्या आत असेल आणि अपील करायचं असेल, तर निकाल देणाऱ्या न्यायालयाकडेच त्याच दिवशी स्थगिती आणि जामीन मागता येतो.

टप्पा ४: पैसे कमी पडले? अर्ज त्याच दिवशी, त्याच न्यायालयात

हा टप्पा लोकांना माहीतच नसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शिक्षा फक्त दंडाची असेल आणि दंड लगेच भरता येत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४६४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२४) न्यायालयाला दोन सवलती देण्याची मुभा देतं. एक, पूर्ण दंड भरायला ३० दिवसांपर्यंत मुदत. दोन, दोन किंवा तीन हप्ते. पहिला ३० दिवसांच्या आत, पुढचे एकमेकांपासून ३० दिवसांपेक्षा जास्त अंतर न ठेवता. तोवर कैद तहकूब राहते आणि जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर), गरज वाटल्यास जामीनदार घेऊन, माणसाला सोडलं जातं.

क्रम असा ठेवा:

१. दंड सुनावल्याबरोबर, न्यायाधीश पुढच्या प्रकरणाकडे वळायच्या आत, वकिलामार्फत किंवा स्वतः उभं राहून सांगा: ‘साहेब, आज एवढे भरतो, उरलेल्याला मुदत द्यावी, अर्ज देतो.’

२. साध्या कागदावर अर्ज. केस नंबर, नाव, एकूण दंड, आज भरत असलेली रक्कम, उरलेली कोणत्या तारखांना भरणार, कारण. कलम ४६४ चा उल्लेख करा.

३. तारखा खऱ्या लिहा. पगार सात तारखेला होत असेल तर दहावी मागा. पाचवी मागून तोंडघशी पडू नका.

४. आज हातात आहेत ते पैसे आजच भरा. ५,००० पैकी २,००० भरणाऱ्याच्या अर्जाकडे न्यायालय जसं बघतं, तसं रिकाम्या हाताने आलेल्याच्या अर्जाकडे बघत नाही.

५. आदेश झाला की मुचलका लिहून द्या आणि तारखा रोजनाम्यातून, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतून, उतरवून घ्या. ऐकून नव्हे, वाचून.

हा हक्क नाही, न्यायालयाची मुभा आहे. म्हणून कागदपत्रं जवळ हवीत. ‘कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड’ अशी शिक्षा असेल तर हे कलम सरळ बसत नाही. विनंती करायला कोणी अडवत नाही, पण भिस्त त्यावर ठेवू नका. त्या दिवशी पूर्ण रक्कम जमवण्याच्याच मागे लागा.

> सावधान: मुचलका पैसे भरण्याचा नसतो, तारखेला हजर राहण्याचा असतो. हप्ता आधी भरला असला तरी त्या तारखेला हजर राहा आणि पावती दाखवा. हप्ता चुकला तर न्यायालय तहकूब केलेली कैद ताबडतोब अमलात आणू शकतं.

आणखी एक चुकीची समजूत: ‘नव्या कायद्यात समाजसेवा आहे ना, दंडाऐवजी तीच करतो.’ समाजसेवेची शिक्षा मोजक्याच किरकोळ गुन्ह्यांना आहे: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अब्रुनुकसानी, पहिल्यांदाच केलेली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली ५,००० रुपयांच्या आतली चोरी, असे काही. ती न्यायालय सुनावतं. दंड झाल्यावर तो झाडू मारून फेडण्याची सोय त्यात नाही.

टप्पा ५: दंड भरणं आणि पावती

ज्या न्यायालयाने दंड लावला तिथेच भरायचा. बेलापूरचा दंड ठाण्यात चालत नाही. खारघर, कामोठे, कळंबोली ही नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असली तरी तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड, म्हणून तिथली प्रकरणं पनवेल न्यायालयात असतात. ‘नवी मुंबईची केस’ म्हणून लोक बेलापूरला जाऊन अर्धा दिवस घालवतात.

बेंच क्लार्ककडून चलन किंवा चिठ्ठी, मग नाझर किंवा रोखपालाकडे पैसे, मग पावती. ई-कोर्ट्सच्या पेमेंट संकेतस्थळावर दंडाचा पर्याय आहे, पण तुमचं न्यायालय त्यावर दिसतं का आणि ऑनलाइन भरणा तुमच्या प्रकरणात धरला जाईल का, हे क्लार्कला विचारूनच वापरा. माणूस आत असताना ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. रोख भरा, पावती हातात घ्या. रोखपालाची खिडकी दुपारी बंद होते. जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा.

पावतीवर तपासा: केस नंबर, आरोपीचं नाव (वडिलांच्या नावासह), रक्कम अंकी आणि अक्षरी, कलम. एका अक्षराची चूक असेल तर खिडकी सोडायच्या आत दुरुस्त करून घ्या. दोन झेरॉक्स काढा. मूळ पावती आयुष्यभर जपा. जामिनाच्या वेळी आरोपीने स्वतः रोख अनामत भरली असेल, तर ती दंडात वळती करावी असा अर्ज करून बघा; निर्णय न्यायालयाचा.

टप्पा ६: माणूस आत गेला असेल तर

आधी तो कुठे आहे ते नक्की करा. ठाणे मध्यवर्ती कारागृह कोर्टनाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कल्याणला आधारवाडी. नवी मुंबईच्या बाजूला तळोजा मध्यवर्ती. लांब शिक्षेचे पक्के (शिक्षा लागलेले) कैदी नाशिकरोड, येरवडा, कोल्हापूर अशा ठिकाणी हलवले जातात. कैदी कुठेही असो, दंड शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच.

मग कारागृहाच्या न्यायिक विभागाकडून तीन गोष्टी कळवून घ्या, शक्यतो लेखी: मूळ शिक्षा कधी संपते किंवा संपली, डिफॉल्टची कैद कोणत्या तारखेला सुरू झाली, आणि दुसऱ्या कुठल्या प्रकरणात वॉरंट आहे का. दुसरं वॉरंट असेल तर दंड भरूनही दार उघडणार नाही. आधी ते निस्तरा.

किती भरायचे? इथे पैसे वाचतात. कैद सुरू झाल्यावर पूर्ण दंड भरावाच लागतो असं नाही. जेवढी कैद भोगून झाली, त्या प्रमाणात दंड कमी होतो.

समजा, दंड १२,०००, न भरल्यास ६० दिवस. २० दिवस भोगून झाले. म्हणजे तिसरा हिस्सा कैद झाली, तिसरा हिस्सा दंड गेला. उरलेले ८,००० भरले की सुटका. घरच्यांकडे सध्या ६,००० च असतील, तर ते आज भरा. निम्मा दंड भरला गेला, म्हणजे ६० पैकी ३० दिवस पूर्ण होताच सुटका, साठ दिवस थांबायला नको. बहुतेकजण ‘पूर्ण जमले की जाऊ’ म्हणून थांबतात आणि रोज एकेक दिवस कैदेत घालवतात.

दंड अनेक कलमांखाली असेल तर डोकं चालवा. एका कलमाचा दंड ५०० आणि डिफॉल्ट १५ दिवस, दुसऱ्याचा ५,००० आणि डिफॉल्ट एक महिना. हातात फक्त ७०० रुपये आहेत. ५०० वाल्या कलमाचा दंड भरला की १५ दिवस वाचतात. तेच ५०० दुसऱ्या कलमात टाकले तर तीनच दिवस. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: ‘सदर रक्कम कलम अमुक खालील दंडापोटी जमा करून घ्यावी.’ हे लिहिलं नाही तर कुठे जमा होईल याची खात्री नाही.

महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, सरसकट ३० दिवस नव्हे. वरचा हिशोब समजण्यापुरता. अंतिम तारीख न्यायिक विभागाकडून घ्या आणि तुमच्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला तर लेखी विचारा.

पावतीनंतरचं काम. नुसती पावती घेऊन कारागृहाच्या दारात जाऊ नका. दंड भरल्याचं, आणि त्यामुळे सोडावं असं न्यायालयाचं पत्र किंवा आदेश कारागृहाला गेला पाहिजे. दंड भरल्याबरोबर त्याच न्यायालयात अर्ज द्या, पत्र तयार झालं का ते क्लार्ककडे विचारत राहा, आणि ते कोण, कधी, कसं पोहोचवणार हे नक्की करा. संध्याकाळी कैद्यांची बंदी झाल्यावर पत्र पोहोचलं तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. शुक्रवारी दुपारी चारला दंड भरणाऱ्याने ही गोष्ट धरून चालावी.

> तपासा: पत्रावर कैद्याचं नाव, केस नंबर आणि कलम कारागृहाच्या नोंदीशी जुळतं का? ‘सुरेश’चं ‘सुरेंद्र’ झालं तर माणूस एक रात्र जास्त आत राहतो.

टप्पा ७: पैसे खरंच नसतील

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी अर्थसाहाय्याची योजना आणली. दंड न भरल्यामुळे अडकलेल्या पक्क्या कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड त्यातून भरता येतो. जिल्हा पातळीवर समिती असते. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि न्यायाधीश असे लोक त्यात असतात. कारागृह अधीक्षकांनी विधी सेवेला कळवायचं, तिने आर्थिक स्थिती तपासायची आणि समितीने मंजुरी द्यायची, असा मार्ग आहे.

कागदावर हे अधीक्षकांकडून सुरू होतं. प्रत्यक्षात घरच्यांनी सुरू करावं. विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज द्या, पोहोच घ्या, आणि त्याचीच प्रत कारागृह अधीक्षकांना. सोबत आदेशाचं शेवटचं पान, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. तळोज्याचा कैदी असेल तर लक्षात ठेवा, ते कारागृह पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात आहे. तिथलं जिल्हा प्राधिकरण अलिबागला. शिक्षा ठाणे जिल्ह्यातल्या न्यायालयाने दिली असेल तर दोन्हीकडे अर्ज टाका. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार आणि बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याची प्रकरणं या योजनेबाहेर आहेत.

डिफॉल्टची कैद छोटी असेल, म्हणजे आठ-दहा दिवसांची, तर हा मार्ग उपयोगाचा नाही. समिती बसेपर्यंत माणूस सुटलेला असतो. तिथे नातेवाइकांकडून उसने घेऊन हिश्शाने दंड भरणंच बरं.

टप्पा ८: कैद भोगून झाली, आता दंड संपला का?

बहुतेक वेळा व्यवहारात विषय तिथे थांबतो, पण ‘संपला’ म्हणायच्या आधी टप्पा २ चा कागद काढा.

डिफॉल्टची पूर्ण कैद भोगली असेल, तर न्यायालय दंडवसुलीचं वॉरंट सहसा काढत नाही. काढायचं असेल तर विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात. पण त्या दंडातून फिर्यादीला भरपाई किंवा खर्च द्यायचा आदेश असेल, तर ही अडचण न्यायालयाला नसते. चेकच्या खटल्यांत हेच घडतं: सहा महिने कैद भोगली, बाहेर आला, आणि भरपाईची रक्कम तशीच उभी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘जेलमध्ये बसलो, आता एक रुपया देणार नाही’ असं सांगणाऱ्या सल्लागाराला हे ऐकवा.

वसुली दोन रीतींनी होते: जंगम मालाची जप्ती आणि विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. दुसऱ्या रीतीत स्थावर मालमत्ताही येते, म्हणजे गावाकडच्या सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा. त्या वसुलीसाठी मात्र पुन्हा अटक करता येत नाही. मुदत शिक्षेपासून सहा वर्षं. शिक्षा सहा वर्षांहून मोठी असेल तर ती संपेपर्यंत. माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरची ही जबाबदारी जात नाही.

सुटताना कारागृहाकडून सुटकेचा दाखला घ्या. त्यावर डिफॉल्टची कैद किती दिवस भोगली हे नोंदलेलं असावं. तो दाखला, दंडाच्या पावत्या आणि निकालपत्राची नक्कल एकाच फायलीत ठेवा. चार वर्षांनी तलाठी किंवा पोलीस वसुलीचा कागद घेऊन आले, तर तोंडी वाद घालू नका. फाइल घेऊन शिक्षा देणाऱ्या न्यायालयात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा किंवा भरलेली रक्कम वजा करण्याचा अर्ज द्या. जप्तीची तारीख लागण्याआधी तो अर्ज पटलावर आला पाहिजे.